ओळख आणि संमती यांतील अंतर

खातेदाराची ओळख पटणे आणि व्यवहाराला त्याची खरी संमती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणत्याही नियमपुस्तकाने नाकारलेले नाही. परंतु ज्या कर्मचाऱ्याच्या नोकरीचा मोठा काळ नवी मुंबईतील एका बँकेच्या शाखांमध्ये आणि नंतर तिच्या तक्रार निवारण कक्षात गेला, त्याच्या मनावर हा भेद ठसण्यास बरीच वर्षे जावी लागली. प्रस्तुत लेखन त्या वर्षांतील कामावर आधारलेले आहे. त्यात येणाऱ्या ग्राहकांची नावे व शाखांचे पत्ते हेतुतः वगळले आहेत, कारण फसवल्या गेलेल्या माणसाला पैशाच्या नुकसानीइतकीच लाजही सोसावी लागते आणि ती लाज पुन्हा चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

या विषयाच्या दृष्टीने नवी मुंबई हे मोठे बोलके शहर आहे. सीबीडी बेलापूर येथे रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आहे, तेथेच स्टेट बँकेचे माहिती तंत्रज्ञान केंद्र आहे, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशभरातील संस्थांची माहिती साठवणारी मोठमोठी डेटा सेंटरे उभी राहिली आहेत. त्याच शहरात वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पाठीवर पोती वाहणारे माथाडी कामगार आहेत, दिवाळे-करावे यांसारख्या मूळ गावांतील आगरी-कोळी कुटुंबे आहेत, आणि नेरूळ-सीवूड्सच्या सोसायट्यांत, मुले परदेशी स्थिरावल्यामुळे एकटी राहणारी निवृत्त जोडपी आहेत. नियम आखणारे, तो यंत्रात बसवणारे आणि त्या नियमाचा रोजच्या जगण्यात सामना करणारे अशी तिन्ही प्रकारची माणसे लोकलच्या काही स्थानकांच्या अंतरात येथे राहतात. तरीही त्यांची परस्परांशी गाठ पडते ती बहुधा तक्रार नोंदवल्यानंतरच.

ओळख पडताळणीचे तत्त्व मुळात सोपे आहे. माणसाला ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे पासवर्ड किंवा पिन; त्याच्याजवळ असलेली वस्तू, म्हणजे कार्ड किंवा मोबाइल; आणि त्याच्या शरीराचा भाग असलेली खूण, म्हणजे बोटाचा ठसा किंवा चेहरा, असे ओळखीचे तीन घटक मानले जातात, आणि त्यांपैकी दोन वेगवेगळ्या प्रकारचे घटक तपासले तर एक चोरीला गेला तरी दुसरा आड येतो, अशी त्यामागची कल्पना आहे. रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २००९ रोजी परिपत्रक काढून, कार्ड प्रत्यक्ष दाखवले जात नाही अशा ऑनलाइन व्यवहारांसाठी कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडचा आणखी एक घटक १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीचा केला. युरोपीय संघात याच स्वरूपाचे बंधन सप्टेंबर २०१९ मध्ये लागू झाले, हे ध्यानात घेतले तर भारताने हा निर्णय किती लवकर घेतला याची कल्पना येते. तेव्हा मात्र शाखेत येणाऱ्या ग्राहकांना तो निर्णय जाच वाटला. आरंभी दुसरा घटक म्हणून एक कायमचा पासवर्ड ठरवावा लागे. तो लोक विसरत, किंवा विसरू नये म्हणून पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवत, आणि मग तो गुप्त राहत नसे. पुढे मोबाइलवर येणारा, एकदाच वापरता येणारा आणि थोड्या वेळात बाद होणारा सांकेतिक अंक, म्हणजे ओटीपी, सर्वत्र रूढ झाला. या सक्तीला बगल देण्याचेही प्रयत्न झाले. भारतातील प्रवासाचे पैसे परदेशी मार्गाने वसूल करून हा टप्पा टाळण्याच्या टॅक्सी कंपन्यांच्या पद्धतीला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१४ मध्ये आळा घातला. सोयीच्या नावाखाली दबाव असतानाही नियामक त्या वेळी ठाम राहिला, याचे महत्त्व तक्रार कक्षात बसणाऱ्याला इतरांपेक्षा अधिक कळते.

ओटीपीमुळे कार्डांच्या सरधोपट गैरवापराला चाप बसला, हे निःसंशय. परंतु कक्षात येणाऱ्या तक्रारींचे रूप हळूहळू बदलत गेले. ‘माझ्या नकळत पैसे कट झाले’ याऐवजी ‘मी फक्त नंबर सांगितला’ हे वाक्य अधिक ऐकू येऊ लागले. आरंभी या वाक्याकडे ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणूनच पाहिले जाई, आणि बँकेचा प्रत्येक संदेश ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असे बजावत असल्याने तसे मानणे सोयीचेही होते. नेरूळमधील एका वृद्ध दांपत्याच्या प्रकरणाने ही समजूत हलली. त्यांच्या संयुक्त खात्याला परदेशातील मुलाचा मोबाइल क्रमांक जोडलेला होता, कारण खाते ऑनलाइन सुरू करताना ‘हे सगळे तोच पाहील’ असे ठरले होते. विजेचे बिल भरायचे असो वा औषधे मागवायची असोत, ओटीपी मुलाच्या फोनवर जाई आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर आईवडिलांना कळवी. पुढे क्रमांक बदलून वडिलांचा झाला, तेव्हा प्रवाह उलटा वाहू लागला आणि वडील मुलाला अंक वाचून दाखवू लागले. बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्या माणसाने एके दिवशी तोच अंक विचारला, तेव्हा त्या वृद्धाने आयुष्यात काही नवे केले नव्हते. घरात वर्षानुवर्षे जे चालत आले तेच त्याने केले.

त्यानंतर या दृष्टीने पाहू लागल्यावर असे आढळले, की सभोवतालची जवळजवळ प्रत्येक सेवा माणसाला अंक सांगण्याचीच सवय लावते. गॅसचे सिलिंडर आणणारा कर्मचारी दारात कोड विचारतो, कुरियरवाला विचारतो, रिक्षात बसताना चालकाला चार अंक सांगावे लागतात, दुकानात सवलतीसाठी फोनवर आलेला क्रमांक द्यावा लागतो. यांतील प्रत्येक ठिकाणी अंक सांगणे योग्यच असते, आणि बँकेच्या बाबतीत मात्र तीच कृती घातक ठरते. दोन्ही संदेश एकाच फोनवर, एकाच स्वरूपात, सारख्याच घाईत येतात. हा भेद प्रत्येक वेळी अचूक करण्याचा भार साठ-सत्तरीच्या माणसावर टाकून त्याच्या चुकीला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे, असे मत या कामातून दृढ झाले.

दुसरे वळण एका लघुउद्योजकाच्या तक्रारीने आणले. तुर्भे परिसरातील औद्योगिक पट्ट्यात त्याचा सुट्या भागांचा छोटा कारखाना होता. एका शुक्रवारी सायंकाळी त्याच्या फोनचे नेटवर्क गेले. कंपनीच्या टॉवरमध्ये बिघाड असेल असे समजून त्याने सोमवारपर्यंत वाट पाहिली, आणि तोवर चालू खात्यातील रक्कम अनेक अनोळखी खात्यांत निघून गेली होती. कोणी तरी बनावट कागदपत्रांच्या आधारे त्याच्या क्रमांकाचे नवे सिम मिळवले होते. सिम स्वॅप म्हणतात तो हा प्रकार. बँकेच्या नोंदी तपासल्या असता पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, नवा लाभार्थी नियमानुसार जोडलेला, असे सर्व काही निर्दोष आढळले. यंत्राच्या दृष्टीने तो व्यवहार खातेदारानेच केला होता.

या प्रकरणाने कक्षातील कर्मचाऱ्यांना जे शिकवले ते असे, की धोका रोजच्या व्यवहारात जितका असतो त्याहून अधिक तो बदलाच्या क्षणी असतो. सिम बदलले, फोन बदलला, पत्ता किंवा क्रमांक बदलला, नवा लाभार्थी जोडला, व्यवहाराची मर्यादा वाढवली, या क्षणांना कडक पहारा हवा. एरवी तीच माणसे त्याच दुकानदाराला पैसे देत असताना त्यांना वारंवार अडवून फारसे काही साधत नाही. काळाच्या ओघात नियमही याच दिशेने सरकले. सिम बदलल्यावर काही काळ, साधारणपणे २४ तास, त्या क्रमांकावर एसएमएस पोहोचू न देण्याची व्यवस्था दूरसंचार विभागाने आणली, आणि सिम बदलल्यापासून सात दिवस तो क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही असा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. मध्यंतरी खात्यातून खात्यात पैसे पाठवण्याच्या व्यवस्थांपैकी एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र सुरू झाले होते. व्यापाराच्या दृष्टीने ही सुधारणा मोलाचीच होती. तथापि रात्र आणि सुट्टी यांमुळे पूर्वी आपोआप मिळणारा विलंब तिच्यामुळे नाहीसा झाला, आणि तो विलंब पुष्कळांचे पैसे वाचवत असे, हे तो गेल्यावरच उमगले.

यूपीआयची रचना या अनुभवांच्या पुढची होती. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत तिचे अनावरण झाले आणि ऑगस्टपासून बँकांची अ‍ॅप उपलब्ध होऊ लागली. तिच्यात फोन स्वतः बँकेच्या व्यवस्थेला एसएमएस पाठवतो व त्यायोगे तो विशिष्ट संच आणि ते सिम एकमेकांशी बांधले जातात. म्हणजे ‘जवळ असलेली वस्तू’ हा घटक ग्राहकाला न विचारताच तपासला जातो, आणि ‘ठाऊक असलेली गोष्ट’ म्हणून पिन उरतो. अंक वाचून दाखवण्याची गरजच उरली नाही, हा या रचनेचा मोठा गुण होय. फसवणाऱ्यांनी मग पिन चोरण्याऐवजी तो ग्राहकाकडूनच योग्य जागी टाकून घेण्याचा मार्ग धरला. घणसोलीतील एका गृहिणीने जुने कपाट विकण्यासाठी जाहिरात दिली; समोरच्याने ‘आगाऊ रक्कम पाठवली आहे, ती स्वीकारण्यासाठी पिन टाका’ असे सांगून पैसे मागणारी विनंती धाडली, आणि तिने पिन टाकताच रक्कम येण्याऐवजी गेली. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, ही गोष्ट बाजार समितीतील मसाल्याच्या व्यापाऱ्यांना अनुभवाने लवकर समजली. घरात क्वचित यूपीआय वापरणाऱ्यांना ती समजण्याची संधी बहुधा नुकसानीनंतरच मिळाली. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोयच ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, आणि तो निर्णय काही वर्षे आधी झाला असता तर कक्षातील पुष्कळ फायली उघडाव्याच लागल्या नसत्या.

शरीराच्या खुणेवर विसंबावे, म्हणजे हे सारे प्रश्न मिटतील, असे अनेकदा सुचवले जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआयसाठीही चेहरा अथवा बोटाच्या ठशाने मंजुरी देण्याची सोय जाहीर झाली, आणि फोन सफाईने वापरणाऱ्या तरुणांना ती उपकारक ठरेलच. तथापि बाजार समितीच्या कांदा-बटाटा बाजारात आयुष्य घालवलेल्या माथाडी कामगाराच्या बोटांवरील रेषा पोत्यांच्या घर्षणाने झिजलेल्या असतात. आधारच्या आधारे पैसे काढण्यासाठी असा कामगार यंत्रावर अंगठा ठेवी, यंत्र नकार देई, तो हात कपड्याला पुसून पुन्हा ठेवी, दुसरे बोट लावून पाही, आणि मागे रांग खोळंबे. स्वतःच्याच कमाईसाठी स्वतःची ओळख पटवता न येणे यातला अपमान शब्दांत मांडणे कठीण आहे. ओळखीचा घटक जितका काटेकोर, तितकी तो न जुळणाऱ्या खऱ्या माणसाची पर्यायी सोय अधिक पक्की असली पाहिजे. पर्यायाविना आणलेली कडक पडताळणी चोराआधी कष्टकऱ्याला बाहेर ठेवते.

या सर्व वर्षांत सर्वांत अस्वस्थ करणारा अनुभव मात्र कोणत्याही यंत्रापाशी आला नाही, तर शाखेच्या काउंटरवर आला. एक निवृत्त शिक्षिका मुदत ठेव मोडण्यासाठी आली. ती अनेक वर्षांची खातेदार होती, कर्मचारी तिला चेहऱ्याने ओळखत होते, स्वाक्षरी जुळत होती, ओळखपत्र सोबत होते. रक्कम आरटीजीएसने दुसऱ्या राज्यातील एका खात्यात पाठवायची होती. कारण विचारले असता नातेवाइकाला जागा घेण्यासाठी मदत करायची आहे, असे तिने शांतपणे सांगितले. ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने पुढे कुप्रसिद्ध झालेल्या प्रकारात ती सापडली होती, म्हणजे पोलीस किंवा तपास यंत्रणेचे अधिकारी असल्याचे भासवणाऱ्यांनी तिला व्हिडिओ कॉलवर धरून ठेवले होते, तिच्या नावाने गुन्हा नोंदला असल्याची भीती घातली होती, आणि बँकेत काय उत्तर द्यायचे हेही पढवले होते. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरील भाषणात याविषयी देशाला सावध केले. परंतु भीतीने ग्रासलेल्या माणसाला कायदा आठवत नाही.

त्या दिवशी पैसे वाचले ते एका कनिष्ठ महिला कर्मचाऱ्यामुळे. ग्राहकाचा फोन पिशवीत सुरूच असल्याचे तिला जाणवले. तिने व्यवहार नाकारला नाही, कारण तसे करण्याचा तिला अधिकार नव्हता. ‘बाई, ठेवीच्या कागदावर आणखी एक सही हवी, जरा आत बसून घ्या, फोन मात्र बाहेर राहू द्या’ असे म्हणून तिने त्यांना व्यवस्थापकांच्या दालनात नेले, पाणी दिले आणि त्यांच्या मुलीला शाखेच्या फोनवरून बोलावले. बाई आधी रागावल्या, नंतर रडल्या, आणि मग बोलू लागल्या. त्या खातेदाराची ओळख तीन प्रकारे सिद्ध झालेली होती. ठाऊक असलेले, जवळ असलेले आणि शरीराने दिसणारे सर्व काही खरे होते. नव्हती ती फक्त संमती. दोन घटक असोत वा तीन, भीतीने दिलेला होकार आणि मनापासून दिलेला होकार यांतील फरक त्यांना मोजता येत नाही. तो ओळखायला काही मिनिटांचा अवकाश, फोनपासून सुटका आणि समोर एक माणूस लागतो. मोबाइलवरून त्याच रकमेचा व्यवहार झाला असता, तर यांपैकी एकही गोष्ट त्या शिक्षिकेला मिळाली नसती.

लुटलेले पैसे ज्या खात्यांतून फिरवले जातात त्यांची कथाही याहून फार वेगळी नाही. कोपरखैरण्यातील एका महाविद्यालयीन मुलाने महिन्याला मिळणाऱ्या थोड्या पैशांसाठी आपले खाते, कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती दिले होते. खाते उघडताना त्याची केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख व पत्ता पडताळण्याची प्रक्रिया, अचूक झाली होती; माणूस खरा होता, खाते मात्र भाड्याचे. पोलीस दारात आले तेव्हा त्याच्या वडिलांना ‘खाते भाड्याने देणे’ हा शब्दप्रयोगही ठाऊक नव्हता.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँक किंवा ग्राहक यांपैकी कोणाचाही दोष नसताना त्रयस्थाकडून अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीही बोजा पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास साधारण बचत खात्यासाठी तो दहा हजार रुपयांपर्यंत मर्यादित राहतो, आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते. हा नियम चांगला आहे. अडचण एवढीच, की ग्राहकाने स्वतः पिन टाकला किंवा अंक सांगितला, की प्रकरण निष्काळजीपणाच्या रकान्यात जाते आणि तक्रार करण्यापूर्वीचे नुकसान त्याच्याच माथी राहते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेवर आणि आंतरराष्ट्रीय निधी हस्तांतरणाच्या व्यवस्थेवर हल्ला करून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये अनेक देशांतून लांबवले. व्यवहारांना मंजुरी देणारी बनावट व्यवस्थाच त्यांनी मध्ये उभी केली होती, त्यामुळे खातेदारांच्या ओळखीचा तेथे प्रश्नच आला नाही. शतकाहून जुनी, जाणकार माणसांनी चालवलेली संस्थाही बनावट मंजुरीला फसू शकते, हे दिसून आल्यानंतर एकट्या वृद्ध ग्राहकाकडून अचूक सावधपणाची अपेक्षा धरताना बँकांनी थोडे थबकायला हवे होते.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेले आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे पडताळणीविषयक निर्देश या प्रवासातील महत्त्वाचा टप्पा आहेत. दोन घटकांची अट त्यांत कायम आहे, प्रत्यक्ष कार्ड वापरून होणारे व्यवहार वगळता एक घटक त्या व्यवहारापुरताच निर्माण झालेला असावा असे सांगितले आहे, आणि व्यवहाराचे ठिकाण, उपकरण, ग्राहकाची नेहमीची पद्धत पाहून जोखीम वाटल्यास अधिक तपासणी करण्यास वाव दिला आहे. निर्देशांचे पालन न केल्यामुळे नुकसान झाल्यास ते संस्थेने पूर्ण भरून द्यावे, ही तरतूद तर अत्यंत स्वागतार्ह आहे. मात्र पालन पूर्ण झाले, घटक सगळे जुळले आणि तरीही माणूस फसला, अशा प्रकरणांना या तरतुदीचा आधार मिळत नाही, आणि कक्षात येणाऱ्या जड फायली आता बहुतांश त्याच प्रकारच्या असतात. नव्या लाभार्थ्याकडे जाणारी मोठी रक्कम काही तास रोखून धरणे, ज्येष्ठ खातेदाराने निवडलेल्या विश्वासू नातेवाइकाला त्याची सूचना जाणे, आणि तोवर व्यवहार मागे घेण्याची मुभा असणे, या तीन सोयी ग्राहकाने मागितल्यास प्रत्येक बँकेने द्याव्यात, असे या अनुभवाअंती ठामपणे म्हणावेसे वाटते. घाईचा व्यवहार थोडा उशिरा झाल्याची तक्रार ऐकून घेता येते. आयुष्याची पुंजी गेलेल्या माणसासमोर बसून त्याला नियमाचे कलम वाचून दाखवणे फार जड जाते.

दरम्यान कक्षातील विचारपूस बदलली आहे. पूर्वी तक्रारदार खुर्चीत बसताच ‘ओटीपी कोणाला सांगितलात?’ असे विचारले जाई, आणि त्या प्रश्नानेच तो निम्मा गप्प होई. आता आधी ‘शेवटचा व्यवहार किती वाजता झाला?’ असे विचारले जाते आणि उत्तर येत असतानाच १९३० हा क्रमांक लावला जातो, कारण सायबर आर्थिक फसवणुकीच्या या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार जितक्या लवकर पोहोचेल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. कोणी काय सांगितले आणि का सांगितले, याची नोंद त्यानंतर सावकाश करता येते.